वैजूची भट्टी आणि उम्म फहदची सबील

काही माणसांच्या शेजारी राहिलं की किस्से आपोआप साठत जातात. रिकाम्या बरण्यांसारखं असतं ते. "लागेल कधीतरी" म्हणून एकेक ठेवत जायची, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! माझ्याकडे वैजूच्या नावाच्या अशा बरण्या भरपूर. सुट्टीत हर्णैला गेले की बायका 'सोनं किती आणलंस' असं आता विचारतच नाहीत. विचारतात, "शमीम, तुझ्या त्या मातीवालीचं काय झालं गं?"

मातीवाली म्हणजे वैजयंती. सांगलीची. तिचा नवरा गिरीश सौदीत अल खर्जला एका कंपनीचं ऑफिस सांभाळायचा. कामगारांचे इकामे म्हणजे राहायचे परवाने, सुट्ट्या, तिकिटं, सगळं त्याच्या हातात. आमचे हे, म्हणजे मुनाफ, तिथल्याच एका डेअरीत इलेक्ट्रिशियन. दोघांची बिऱ्हाडं एकाच व्हिलाच्या मागच्या बाजूला. भिंतीला भिंत, आणि अंगण एकच. म्हणजे त्यांच्याकडे कांदा चिरला तर डोळ्यांत पाणी माझ्या!

व्हिलाच्या पुढच्या भागात घरमालकीण राहायची, उम्म फहद. उम्म फहद म्हणजे फहदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानेच ओळखतात. मी उम्म साजिद. वैजूला मूलबाळ नव्हतं, म्हणून म्हातारीने तिचं नाव आपल्या मनानेच ठेवलं, "उम्म फख्खार". मातीच्या भांड्यांची आई! वैजू खूष. म्हणाली, "भाभी, माझ्या डिग्रीपेक्षा हे भारी आहे."

डिग्री होती हो तिच्याकडे, मातीच्या नक्षीकामाची. मी सातवी शिकलेली, मला ते पटकन कळेना. मग तिने नीट सांगितलं. विलायतेत फार वर्षांपूर्वी कारखाने आले, सगळ्या वस्तू एका छापाच्या निघायला लागल्या. तेव्हा काही कलाकार हट्टाला पेटले. म्हणाले, भांडी, फरशा, पडदे आम्ही हातानेच करणार आणि रोजच्या वापरातल्या वस्तूच सुंदर करणार. त्यांवर पानं, फुलं, पाखरं काढणार. वैजूचे कॉलेजातले सर त्याच वळणाचे, आणि वैजू सरांच्याही पुढे!

मी विचारलं, "मग ती माणसं आता कुठायत?"

"वारली," वैजू म्हणाली. "मी आहे ना!"

०

ती नवीन नवीन राहायला आली तेव्हाची गोष्ट. दोघं सकाळीच रियाधला गेली आणि किल्ली माझ्याकडे दिली. आता किल्ली हातात असताना माणूस घरात बसून राहतो का? म्हटलं, गॅस बंद आहे ना ते बघून येऊ.

गॅस बंद होता. पण ओट्याखाली झाकलेली बादली! झाकण काढलं तर पांढरंशुभ्र, पातळ, गुळगुळीत पीठ. मी म्हटलं, बिचारी घावनाचं पीठ भिजवून विसरून गेली. बाहेर एवढी उष्णता, संध्याकाळपर्यंत आंबून फुकट जाईल. शेजारधर्म म्हणून एक पातेलं भरून घरी आणलं. मीठ घातलं. माझा बिडाचा तवा तापवला आणि सोडलं घावन.

जाळी पडेना. कडा सुटेनात. उलथन्याने टोकरलं तर ठण्ण आवाज!

एवढ्यात वैजू दारात. तवा बघून डोळे विस्फारले तिचे. "भाभी, ही चिनी माती आहे! पाण्यात कालवलेली! भांड्यांना वरून द्यायची!"

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ही बाई रागावेल तर शपथ! तवा दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी घेऊन गेली. वाळलेल्या मातीला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या. "हलवू नका, हलवू नका! या भेगा बघा तरी! अशी नक्षी मी दोन वर्षं शोधतेय!"

माझा तवा गेला तो गेलाच. ईदला परत मिळाला, सोबत एक फुलदाणी. तिच्यावर माझ्या घावनाच्या सगळ्या भेगा! तोवर आमच्याकडे घावन बंद.

गिरीशने एकदा हळूच विचारलं, "भाभी, खरं सांगा, चाखून बघितलंत?"

आता खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मीठ बरोबर होतं!"

०

त्याच ईदला तिने मला सहा कप दिले. मी मोठ्या कौतुकाने शोकेसमध्ये मांडायला घेतले. बघते तर एकाला कान मोठा, एक बुटका, एकाचं तोंड पसरट. एकावर डाळिंब, दुसऱ्यावर नुसतं पान, तिसऱ्यावर शेपटी वर केलेली चिमणी.

आमचे हे म्हणाले, "वैजूताई, कप छान आहेत. पण सेट कुठाय?"

वैजू म्हणाली, "मुनाफभाई, तुम्ही चौघं भाऊ ना? एकसारखे दिसता का?"

"नाही."

"मग तुमच्या अम्मीला कोणी विचारलं, सेट कुठाय म्हणून?"

त्या दिवसापासून आमच्याकडे पाहुणे आले की कपांवरून भांडणं. बुटका कप सगळ्यांना हवा!

०

भट्टी आली तो दिवस मी विसरणार नाही. रियाधच्या कुठल्या शाळेतली इंग्रज बाई, जिच्याकडे वैजू तोवर भांडी भाजायला न्यायची, देश सोडून चालली होती, तिच्याकडून वैजूने विजेची भट्टी घेतली. गोल, वरून झाकण, वॉशिंग मशीनच्या दुप्पट. मुनाफनी डेअरीचा पिकअप नेऊन आणली, अंगणात पत्र्याखाली बसवली, वायर जोडली.

ऑगस्ट महिना. वैजूने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. थोड्या वेळाने फट्! अख्ख्या व्हिलाची वीज गेली. सगळे एसी बंद! अल खर्जच्या ऑगस्टमध्ये एसी बंद म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

उम्म फहद ओढणीने वारा घेत तणतणत अंगणात आली. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. म्हातारीने भट्टीभोवती एक फेरी मारली. माझी अरबी गल्लीतलीच, पण तेवढी पुरते. तिने विचारलं, "हा तंदूर तापतो किती?"

वैजू म्हणाली, "सांगा, हजार डिग्रीच्या वर."

"माशाल्ला!" म्हातारीचा चेहराच बदलला. तशीच आत निघून गेली.

पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सकाळी बघतो तर भट्टीशेजारी भलंमोठं पातेलं, आणि त्यात मसाला लावलेलं अख्खं बकरं! उम्म फहद बाह्या वर करून तयार. म्हणे, आज मंदी करू. मंदी म्हणजे तिकडचा मांस-भात. मांस बंद तंदुरात शिजवतात.

वैजू पक्की शाकाहारी. ती भट्टीवर आडवीच पडली! "भाभी, सांगा त्यांना, हजार डिग्रीला बकऱ्याचं काय होईल! हाडंसुद्धा मिळणार नाहीत!"

मी सांगितलं. उम्म फहदने बकऱ्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं. "मग माझी एवढी वीज खाऊन ही शिजवते तरी काय?"

वैजू आत गेली आणि एक वाडगा घेऊन आली. गर्द निळा, आतून डाळिंबाची फांदी, फांदीवर एक छोटंसं पाखरू. म्हातारीच्या हातात ठेवला. म्हातारीने तो फिरवून फिरवून बघितला, ओढणीने पुसला, पोटाशी धरला आणि बकऱ्यासकट परत गेली. दुपारी तो वाडगा परत आला. आत खजूर आणि सोबत निरोप, "वीज वापर. पण जुम्म्याला नको, माझे पाहुणे असतात. आणि वाडगा परत पाठव!"

०

भट्टीचा एक कायदा होता. वैजू आम्हाला शाळेतल्या पोरांसारखा घोकायला लावायची. बटण बंद झालं म्हणजे भट्टी गार झाली असं नाही. आत धग असते. झाकणावर उघडा हात निवांत ठेवता आला पाहिजे, तोपर्यंत उघडायचं नाही. मी विचारलं, निवांत म्हणजे किती वेळ? ती म्हणाली, आरतीचं एक कडवं म्हणून होईपर्यंत. मी म्हटलं, मी अल्हम्दु म्हणेन, कुराणातली पहिली सूरा. म्हणाली, चालेल, भट्टीला दोन्ही चालतं!

पण आमचे हे पडले इलेक्ट्रिशियन. त्यांचा कायदा वेगळा. लाल दिवा बंद म्हणजे मशीन बंद, मशीन बंद म्हणजे उघडा. वैजू बाजारात गेली होती. हे म्हणाले, "जरा बघू तरी!" आणि झाकण वर.

टण्ण! टुण्ण! टिंग! आतून असा आवाज आला की मी हातातली सुपारी टाकून पळत आले. पंधरा दिवसांची मेहनत, कपांचे कान एकीकडे आणि कप दुसरीकडे.

वैजू आली. बघितलं. तुकडे काढले, टोपलीत भरले, नवीन माती मळायला बसली. मळता मळता म्हणाली, "मुनाफभाई, तुम्ही ऑगस्टच्या उन्हात डेअरीच्या छतावर काम करताय, आणि कोणी तुम्हाला उचलून एकदम बर्फाच्या टाकीत टाकलं, तर तुमचं काय होईल?"

हे हात जोडून उभे. म्हणाले, "ताई, खरं सांगू? मी म्हणेन अल्हम्दुलिल्ला!"

वैजू हसली. हसता हसता नवीन मातीतला पहिला कप वाकडा झाला, दुसरा नीट.

०

मग ते सौदायझेशन आलं. होतं आधीपासूनच, पण आता जोरात आलं. प्रत्येक कंपनीत इतके सौदी पाहिजेतच, नाहीतर बाकीच्यांचे इकामे अडकणार. पहिली कुऱ्हाड ऑफिसातल्या खुर्च्यांवर. गिरीशला सांगितलं, नवीन माणूस येईल, त्याला काम शिकवा, मग तुमची फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी परत.

रविवारी नवीन माणूस आला. कोण? फहद! आमच्या उम्म फहदचा फहद!

संध्याकाळी गिरीश अंगणात बसून बूट काढत होता. मला राहवेना. "काय रे, काय म्हणाला तो?"

"काही नाही भाभी. सलाम केला. मग विचारलं, ही खुर्ची खाली कशी करतात. मी करून दिली."

त्यात फहद पोरगा वाईट नाही. तो येता-जाता मान खाली घालायचा. गिरीश त्याला समोर बसवून एकेक काम शिकवायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या सामानाचे खोके बांधायचा.

बरं, हे एवढ्यावर थांबलं का? त्याच आठवड्यात उम्म फहद वैजूकडे आली. तिचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. त्याच्या नावाने बाजूच्या रस्त्यावरच्या फाटकाबाहेर सबील बांधायची होती. सबील म्हणजे तिकडे घराबाहेर रस्त्यावर थंड पाण्याचा कूलर ठेवतात. येणारा-जाणारा कोणीही प्यावं, आणि पुण्य गेलेल्याला लागावं. कूलरमागची भिंत तिला वैजूच्या हातच्या टाइल्सची हवी होती.

वैजू तिथल्या तिथे हो म्हणाली!

उम्म फहदची पाठ वळताच मी धरलं तिला. "तुला काही अक्कलबिक्कल आहे का? पोराने तुझ्या नवऱ्याची खुर्ची घेतली, आणि तू त्याच्या बापाची भिंत सजवणार?"

"खुर्ची नियमाने घेतली भाभी, फहदने नाही. आणि ते पाणी काय फहद एकटाच पिणार आहे?"

"पण तुझे दिवस किती राहिलेत इथे?"

तिने हाताची माती पुसली. "म्हणूनच. इतकी वर्षं मी फुलदाण्या केल्या. लोकांनी त्या कपाटात ठेवल्या, काचेमागे. वापरायच्या वस्तू सुंदर करायच्या म्हणून शिकले आणि केलं काय, तर शोभेचं सामान! जायच्या आधी एक तरी भिंत अशी करून जाणार, जिच्यापुढे रोज कोणीतरी तहानलेला उभा राहील. एक्झिटचा शिक्का पडू दे, नाहीतर विमान उभं राहू दे. भिंत पुरी केल्याशिवाय मी हलत नाही!"

तिच्या आवाजात जो हट्ट होता, त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही.

०

फहदला वाटलं आपल्यामुळे हिला त्रास. आईला म्हणाला, तयार टाइल्स आणू, बाजारात पाहिजे तेवढ्या मिळतात. वैजू म्हणाली, "बघू तरी काय मिळतं." म्हणून मी आणि ती गेलो एका दुकानात.

आम्ही आत आणि असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली. नमाजाला दुकानं बंद करायचा तेव्हा कडक नियम. दुकानदार पाकिस्तानी, घाईत. आम्ही मागच्या रॅकमध्ये आहोत हे न बघताच शटर खाली ओढून निघून गेला!

मी तिथेच एक पुठ्ठा अंथरला, नमाज पढून घेतली. सलाम फेरून बघते तर वैजू जमिनीवर बसलेली आणि तिच्याभोवती सगळ्या नमुन्याच्या टाइल्स मांडलेल्या. फूल, फूल, फूल, फूल!

शटर वर गेलं. दुकानदार दोन बायका बघून दचकला आणि मग टाइल्स बघून आणखी दचकला.

वैजू म्हणाली, "भाईसाब, ये देखिए. हर फूल की तिसरी पंखुडी टेढी है. सब में!"

त्याने वाकून बघितलं. अभिमानाने छाती फुगवून म्हणाला, "बहनजी, एक में भी फर्क नहीं मिलेगा. यही तो क्वालिटी है!"

वैजू घरी येईपर्यंत हसत होती. आणि आल्या आल्या चाकावर नाही, सरळ पाटावर माती थापायला बसली.

०

तिने भिंतीचं चित्र कागदावर काढलं. मध्ये खजुराचं झाड, दोन्ही बाजूंनी डाळिंबाच्या फांद्या चढत गेलेल्या, खाली पाण्याच्या लाटा. आणि फांद्यांवर पाखरं. पाखराशिवाय वैजूची वस्तूच नसायची.

उम्म फहदने बघितलं, तिला फार आवडलं. पण फहद आला आणि अडला. मला म्हणाला, "उम्म साजिद, सांगा त्यांना, झाड चालेल, पानं चालतील. पाखरं नकोत. ही माझ्या वडिलांच्या नावाची सबील आहे. जिवंत प्राण्याचं चित्र लावलं म्हणून लोक बोलतील. मला ते नको."

मी वैजूला सांगितलं. मनात म्हटलं, आता पेटणार! ऑफिसात खुर्ची घेतली, इथे पाखरं घेतली.

वैजूने कागद पुढे ओढला. मग रबर घेतला आणि एकेक पाखरू खोडलं. सगळी खोडून झाल्यावर म्हणाली, "त्याचं बरोबर आहे. बापाच्या नावाची गोष्ट आहे, त्याला खुपेल असं काही नको. सांगा, चित्र नाही काढणार."

फहद सुटल्यासारखा झाला. शुक्रन शुक्रन असे आभार मानत निघाला.

वैजूने पेन्सिल परत उचलली आणि नळाच्या जरा खाली, बाजूला, एक अर्धगोल काढला. जणू अर्धा वाडगा भिंतीतून बाहेर आलाय.

"हे काय गं?"

"टाइलच आहे. जरा जाड."

"पण कशाला?"

"बघाल."

०

आता मला सांगा, मला 'बघाल' म्हणून कोणी गप्प बसवू शकतं का? मी विचारून विचारून तिचा जीव खाल्ला. अंगणात पैजा लागल्या.

आमचे हे म्हणाले, "मोबाईल ठेवायला. पाणी पिताना हात मोकळे पाहिजेत."

फहद म्हणाला, "साबण?"

उम्म फहद म्हणाली, "बखूर. धूप जाळायला. चांगली कल्पना आहे."

गिरीशने तर हातच टेकले, "आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून सांगितलं नाहीये!"

वैजूचं एकच उत्तर. "बसवाल तेव्हा ज्याची जागा आहे तो येईल."

पण तो वाडगाच सगळ्यात नडला. पातळ टाइल्स झाल्या पटापट. तो मात्र जाड. तिथली हवा अशी कोरडी की वरून वाळे, आतून ओला राही आणि चर्रकन तडा जाई. पहिला गेला. दुसरा गेला. इकडे गिरीशचे खोके बांधून झाले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरलं. तो म्हणाला, "वैजू, तो राहू दे ना. बाकी भिंत तर झाली."

"तो राहिला तर भिंत राहिली."

तिने तिसरा केला. डेअरीतली पोती मागवली, ओली करून त्याला गुंडाळला. पोती वाळली की माझी ओढणी. ओढणी वाळली की गिरीशची शेवटची धुतलेली लुंगी! बाळंतिणीचं करावं तसं आम्ही त्या वाडग्याचं केलं. हळूहळू, सगळीकडून सारखा वाळला. पहिलं भाजणं झालं, टिकला. मग त्याला निळा रंग चढवला, आणि शेवटच्या भट्टीत बाकीच्या राहिलेल्या टाइल्सबरोबर ठेवला.

भट्टीला पूर्ण वीज मिळावी म्हणून मुनाफनी आमच्या दोन्ही बिऱ्हाडांचे एसी बंद केले. आम्ही सगळे उम्म फहदच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, तिच्या एका एसीखाली बसलो. यजमानीण बाई कहवा ओततेय आणि वैजू दर थोड्या वेळाने उठून भट्टीकडे. तिने बटण बंद केलं तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

भट्टी गार व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार होणार होती. आणि विमान होतं सकाळचं!

०

सकाळी गाडी दारात. सामान चढलं. वैजू भट्टीपाशी उभी. हात झाकणाच्या जवळ नेला आणि लगेच मागे घेतला. अजून धग होती.

आमचे हे म्हणाले, "ताई, जराशी फट करून बघा. तुमची वस्तू आहे."

"मुनाफभाई, तुम्ही तर बोलूच नका!"

सगळे हसले. तीही हसली, पण डोळे भरलेले. न बघता निघायचं होतं. ज्या वाडग्यासाठी जीव काढला, तो शाबूत आहे की तुकडे झालेत, हे न बघता! तिने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा भट्टीकडे. मग माझ्याकडे वळली.

"भाभी, उघडायची तुम्ही."

"मी?" माझ्या नाकाखालून कोणाचं पार्सल न उघडता गेलेलं नाही, आणि ही मला म्हणते उघडायची! "अगं, मला राहवलं नाही तर?"

"राहवेल. अल्हम्दु म्हणा पूर्ण." आणि गाडीत बसली.

मी भट्टीशेजारी खुर्ची टाकली. सकाळभर बसले. भाजीवाला येऊन गेला, उठले नाही. समोरच्यांकडे कोणाचीतरी मोठमोठ्याने भांडणं चालली होती, तरी उठले नाही! मुनाफ म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना?" उम्म फहद येऊन शेजारी बसली. हातात तिचा निळा वाडगा, खजुराचा. हात ठेवून बघितला. 'अल्हम्दु लिल्लाहि' म्हणेपर्यंत चटका. नंतर अर्ध्यापर्यंत राहिला. दुपारी जुहरची नमाज झाल्यावर ठेवला. अल्हम्दु पूर्ण झाली. आमीनसुद्धा म्हटलं.

झाकण उघडलं. आवाज नाही. एक टिंगसुद्धा नाही!

टाइल्स काढल्या. सगळ्यात खाली तो वाडगा. निळा, समुद्रासारखा. हर्णैच्या समुद्रासारखा. कुठे तडा नाही. मी फोन लावला. ती मुंबईला उतरून सामानाची वाट बघत उभी होती. म्हटलं, "वैजू, अख्खा आहे!"

पलीकडे फोनची खडखड झाली. मग गिरीश बोलला, "भाभी, ती खाली बसलीय. बॅगा येतायत, तिला उठवतो आणि मग बोलतो."

०

भिंत बसवली ती फहदने. गवंडी बोलावला होता, पण पोराने बाह्या सावरल्या आणि स्वतःच सिमेंट लावलं. चित्रातल्यासारखी एकेक टाइल ताडून ताडून बसवली. शेवटी वाडगा. "उम्म साजिद, हा नक्की कशाला?" मी म्हटलं, "मला काय माहीत! वैजू म्हणाली, बसवाल तेव्हा ज्याची जागा आहे तो येईल."

कूलर सुरू झाला. टॅक्सीवाले थांबून प्यायला लागले, शाळेची पोरं, रस्ता झाडणारे. नळ बंद केला की शेवटचे थेंब उडून त्या वाडग्यात पडायचे.

आणि मग एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. अशीच, भाजी निवडत. ती खिडकी बाजूच्या रस्त्यावर उघडते, तिथून फाटक आणि सबील नीट दिसते, त्याला मी काय करू? वाडग्याच्या काठावर चिमणी! मग दुसरी. मग एक होला, मान डोलवत. बरोबर डाळिंबाच्या त्या फांदीखाली, जिथलं पाखरू वैजूने रबराने खोडलं होतं.

फहद ऑफिसला निघाला होता. इस्त्रीचा पांढरा तोब, म्हणजे पायघोळ अरबी झगा, हातात गाडीची किल्ली. फाटकाबाहेर आला आणि थबकला. पाखरं उडाली नाहीत. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, रस्त्यावर कोणी नाही. गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि चोरासारखा पुढे होऊन वाडगा काठोकाठ भरला. मग खिशातून काहीतरी काढून चुरून टाकलं. पोळीचा तुकडा असावा.

वळला आणि मान वर केली. खिडकीत मी!

तो लाल झाला. "उम्म साजिद," म्हणाला, "तुम्ही काही बघितलं नाहीत."

"मी? मी कधी काय बघते का रे, बेटा!" मी म्हटलं.

तोवर मी काढलेला फोटो सांगलीला वैजूकडे पोचला होता!